दाब, काही होत नाही

आमच्या गावात कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी हात धुवावे लागायचे. खोलीच्या दाराशी पाण्याची बादली, मग्गा आणि साबणाची वडी ठेवलेली असे. पायरीवर चपला काढायच्या, हात धुवायचे, पदराला पुसायचे आणि मगच आत यायचं. हा नियम देवकाबाईंचा. बाहेरच्या माणसाला पाहून हसू यायचं. मलाही यायचं, खोटं कशाला बोलू. मी ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, भंडाऱ्याला जाऊन कोर्स करून आलेला, आणि एक रिटायर झालेली अंगणवाडी सेविका मला दारात अडवून म्हणायची, "कासवा, नखं पाहू."

माझं नाव प्रमोद. तेव्हा वय सत्तावीस. पण बाईंसाठी मी कासवच. वाचता न येणाऱ्या पोट्ट्यांना आपली खुंटी, आपली पाटी कशी ओळखू येणार, म्हणून बाईंनी अंगणवाडीत प्रत्येकाला एक चित्र दिलं होतं. कोणाला छत्री, कोणाला कंदील, कोणाला मोट. मी जेवायला सगळ्यात उशीर लावायचो म्हणून मला कासव मिळालं. बाईंनी दिलेलं चित्र जन्मभराचं असायचं. पुढे माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटावरही त्यांनी नावाऐवजी कासव काढून दिलं, आणि बायको रात्रभर विचारत बसली की हे काय प्रकरण आहे.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. दुसऱ्या अंगणवाड्यांत साहेब आले की पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसायची. बाईंना त्याचा फार राग. "हात बांधून ठेवले तर पोट्टं शिकन कशानं?" त्या म्हणायच्या. तपासणीला आलेल्या मॅडम एकदा यावरून रागावून गेल्या, शेरा मारून गेल्या, तरी आमच्या अंगणवाडीत हाताची घडी कोणी घातली नाही.

ती अंगणवाडी जुन्या गावात होती. जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं आणि ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावाला आम्ही अजूनही गाव म्हणत नाही, पुनर्वसन म्हणतो. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, मधोमध पाण्याची टाकी. प्लॉट चिठ्ठ्या काढून वाटले गेले, त्यामुळे ज्याच्या नशिबी जो आला तो त्यानं घेतला आणि पिढ्यांचे शेजार फुटले. बाई आल्या पहिल्या ओळीत, शाळेजवळ. त्यांची शेजारीण सुगंधाबाई गेली टाकीच्याही पलीकडे, शेवटच्या ओळीत. जुन्या गावात दोघींच्या मध्ये एकच मातीची भिंत होती आणि त्या भिंतीला एक खिडकी होती, त्यातून मीठ-तिखट इकडचं तिकडे व्हायचं. इथं सुगंधाबाईचे गुडघे चालेनात, बाईंच्या डोळ्यांना दिसेना. महिना महिना दोघींची भेट होत नसे.

मग ते कॉम्प्युटर आले. नागपूरच्या एका कॉलेजनं जुने झालेले सहा दिले, त्यातले चार चालू होते. सोबत दोन पोरं दोन दिवसांसाठी आली. त्यांनी समाजमंदिराच्या खोलीत मशीन मांडल्या आणि सगळ्यांवर लिनक्स टाकलं. फुकट असते, जुन्या मशीनवरही चालते, मराठीत दिसते, असं ती सांगत होती. आम्ही पंधरा-वीस जण उभे राहून पाहत होतो. बाई एकट्या खुर्ची ओढून पोरांच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. पडद्यावर वर एक पट्टी होती, कोपऱ्यात मेनू होता आणि डावीकडे घराचं एक छोटं चित्र होतं. बाईंनी त्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे घर कोनाचं?"

"जो आपल्या नावानं आत येईल त्याचं, मावशी. प्रत्येकाचं वेगळं घर असते. एकाच्या घरात दुसऱ्याला नाही जाता येत."

"अन मशीन एकच?"

"एकच."

"एका मशीनीत घरं किती बांधता येते?"

"कितीही बांधा."

बाई म्हणाल्या, "चिठ्ठी नाही काढा लागत?"

पोराला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. मागे कोणीतरी हसलं आणि मग कोणीच हसलं नाही.

पोरं परत गेल्यावर बाईंनी मला कामाला लावलं. जुन्या गावात चार मोहल्ले होते, मशीनही चार. एका मोहल्ल्याला एक मशीन. ज्यांना शिकायचं होतं त्या प्रत्येकीच्या नावानं एक खातं उघडायचं, आणि मशीन सुरू झाली की पहिल्या पडद्यावर जी नावांची यादी येते तिच्यात नावाशेजारी अंगणवाडीतल्यासारखं तिचं एक चित्र लावायचं. यादी अक्षरांच्या क्रमानं लागते हे मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, मग नावाच्या आधी जुना घर नंबर टाक. टाकला. आणि खरंच, पडद्यावर घरं जुन्या गावात होती तशी ओळीनं उभी राहिली. बारा नंबरला सुगंधाबाईचा कंदील, तेरा नंबरला बाईंचा डोंगा. बाईंचे मालक नदीत डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घालायचे, म्हणून त्यांनी आपल्याला ते चित्र घेतलं होतं. पासवर्ड म्हणूनही तोच घर नंबर. मी म्हटलं, बाई, हा तर सगळ्यांना माहीत आहे. "जुन्या गावातबी कुलपाची किल्ली कोठी ठेवतो ते सगळ्यायले मालूम होतं," बाई म्हणाल्या. "चोरी झाली का कधी?"

चार दिवस मी खुर्चीवर आणि बाई मागे उभ्या. कमांड मी मारत होतो, गाव त्या सांगत होत्या.

शिकवायची त्यांची रीत अंगणवाडीचीच होती. मशीन जुन्या, सुरू व्हायला वेळ लावायच्या, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावायची. बायका घाबरायच्या. बाई म्हणायच्या, "तिची आंघोळ सुरू हाय, तिकडं पाहू नका." दोनदा क्लिक कसं करायचं तर टक-टक, शेजारणीचं दार वाजवतो तसं. उजवं बटण कशाला, तर एखाद्या गोष्टीचं काय काय करता येते ते विचारायला. आणि या सगळ्यावर त्यांचं एक वाक्य होतं. कोणी माऊसवर बोट अधांतरी धरून "बाई, हे दाबू का?" असं विचारलं की बाई तिकडे न पाहताच म्हणायच्या, "दाब. काही होत नाही."

त्या खोलीचा सगळा कारभार या वाक्यावर चालत होता. ज्या बायकांनी आयुष्यभर कागदावर अंगठा द्यायच्या आधी दहादा विचारलं, आणि तरी ज्यांचं गाव गेलं, त्या या वाक्यापायी बिनधास्त बटणं दाबायच्या. माझी मायसुद्धा त्यांच्यात होती. चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये तिनं आमच्या जुन्या घराची चूल काढली आणि आठ दिवस ती मला रोज दाखवली.

एकदा सुगंधाबाई रडायला लागली. पोरगा तिला गाडीवर आणून सोडायचा. ती महिनाभर आपल्या अंगणाचं चित्र काढत होती. तुळस, पाटा, शेळीचा खुंटा, आणि ती भिंतीतली खिडकी. त्या दिवशी तिनं काहीतरी दाबलं आणि चित्र खिडकीसकट गेलं. पडदा कोरा. मी धावत गेलो, पण बाई माझ्याआधी पोचल्या.

"काहून व सुगंधा, रडून काहून राहिली?"

"गेलं न व बाई. माहं आंगन गेलं पुन्हा."

बाईंनी खाली कोपऱ्यातले चार छोटे चौकोन दाखवले. लिनक्समध्ये एका पडद्यामागे असे चार पडदे ठेवता येतात. बाईंनी त्यांना नावं देऊन ठेवली होती: ओसरी, माजघर, सयपाकखोली आणि सांदवाडी, म्हणजे घरामागचं परसू. "तू ओसरीत होती, मांगं सांदवाडीत गेली. सामान तिथंच हाय," बाई म्हणाल्या आणि पहिल्या चौकोनावर तिचंच बोट धरून दाबलं. अंगण परत आलं. सुगंधाबाईनं डोळे पुसले आणि मग तिला त्याचा असा नाद लागला की दिवसभर ओसरीतून सांदवाडीत, सांदवाडीतून ओसरीत तिचं येणं-जाणं सुरू होतं.

आता माझं सांगतो. मी टाळत होतो हे माझ्याही ध्यानात येतं आहे.

मला बाईंचा हेवा वाटायचा. माऊस अडला की लोक मला ओलांडून बाईंना हाक मारायचे. मी सर्टिफिकेटवाला, आणि गावात माझी ओळख काय तर बाईंचं कासव. त्यात एक दिवस ग्रामसेवक साहेब आले. म्हणाले, तालुक्यावरून पाहणीला माणसं येणार आहेत, खोली जरा ऑफिससारखी दिसू द्या. त्यांनी एक मशीन सुरू केली, यादीतले डोंगे-कंदील पाहिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे काय बालवाडी लावली आहे?" एवढंच बोलले ते. पुसून टाक असं त्यांनी म्हटलं नाही. ते मी माझ्या मनानं केलं.

बाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला गेल्या होत्या. त्या असत्या तर माझी हिंमत झाली नसती. एका दुपारी मी चारही मशीनवर एकेक नवीन खातं उघडलं, नाव दिलं 'कार्यालय'. बाकी सगळी खाती काढून टाकली. बायकांनी काढलेलं, लिहिलेलं सगळं 'जुने' नावाच्या एका फोल्डरमध्ये नेऊन कोंबलं. घर नंबर काढले, कारण मला ते विनाकारण वाटले. पडद्यामागचे चार पडदे बंद केले. काम झाल्यावर खुर्चीला टेकून मी पाहिलं, चारही पडदे निळे आणि स्वच्छ. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

पाहणीवाले आले, चहा प्याले, उंबऱ्यात उभं राहून फोटो काढला आणि गेले. एकही मशीन त्यांनी सुरू करून पाहिली नाही.

आठ दिवसांनी बाई आल्या. डोळ्यांवर हिरवा-काळा चष्मा. हात धुतले, आपल्या मोहल्ल्याच्या मशीनपुढे बसल्या, सुरू केली. यादीत एकच नाव. बाई पडद्याच्या जवळ गेल्या, मग लांब झाल्या. त्यांना वाटलं डोळ्याचाच दोष आहे. चष्मा वर करून पाहिलं.

"कासवा, माहा डोंगा कोठी हाय? मले दिसून नाही राहिला."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अपडेट आला होता, बाई. आपोआप होऊन गेलं."

"आपोआप कसं होईन?"

इथं तरी मी थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला पुढचं खोटं आयतं सुचतं. मी म्हटलं, "कधी कधी कोणी चुकून काही दाबून ठेवते, मग होते तसं."

बाईंचा चेहरा मी पाहिला. त्या आठवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भंडाऱ्याले जायच्या आदल्या दिवशी एक डब्बा आला होता पडद्यावर. काहीतरी इचारत होता. मले नीट दिसत नव्हतं. मी हो दाबलं."

तो डबा रोज यायचा. नवीन काही आलं आहे, घ्यायचं का, एवढंच तो विचारतो. त्यानं कोणाचं घर जात नाही. हे मला माहीत होतं. त्या खोलीत ते फक्त मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "असन तेच."

दुसऱ्या दिवशी मी जेवायला घरी गेलो तर माय चुलीपुढे बसलेली. म्हणाली, "बाई आली होती. माह्या हातानं तुमच्या सगळ्यायची घरं गेली म्हणे, माफ करा म्हणे. माह्यापुढं हात जोडले तिनं." मी ताट सारून उठलो. बाई त्या दिवशी काळा चष्मा लावून, भर उन्हात, डॉक्टरांनी बाहेर पडू नका सांगितलेलं असताना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घरोघर गेल्या होत्या. शेवटी टाकीपलीकडे सुगंधाबाईकडे. सुगंधाबाई काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. ती पुन्हा खोलीवर आली नाही एवढं ठाऊक आहे. बाकीच्या बायकाही एकेक करून गळाल्या. 'कार्यालय' नावाच्या दारावर त्या कोणाच्या नावानं टकटक करणार होत्या?

मी मायला सांगितलं नाही. बाईंनाही नाही. रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज बादलीशी हात धुताना ते टळून जायचं.

बाई येत राहिल्या, पण खुर्चीवर बसत नसत. भिंतीशी बाकावर बसायच्या. एकदा एक नवी सून शिकायला आली. तिनं माऊसवर बोट धरलं आणि विचारलं, "बाई, हे दाबू का?" मी माझ्या टेबलावरून कान देऊन होतो. मला ते वाक्य ऐकायचं होतं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि घाईघाईनं म्हणाल्या, "थांब. दाबू नको. कासवाले इचार आधी." मला मोठेपणा हवा होता न, तो असा मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात बाई तुमसरला मुलीकडे राहायला गेल्या. त्या गेल्यावर मी ते 'जुने' फोल्डर उघडलं. काहीच गेलेलं नव्हतं. मायची चूल होती, सुगंधाबाईचं अंगण होतं. मी सगळी घरं पुन्हा बांधायला घेतली. नंबर आणि चित्रं मात्र मी स्वतःच्या हातानं पुसली होती. नंबर जुन्या नोंदवहीतूनही काढता आले असते, पण मला बाईंकडे जायला निमित्त हवं होतं. माझा लॅपटॉप पिशवीत टाकला आणि एसटीनं तुमसर गाठलं.

मुलीचं घर राईस मिलच्या मागं. अंगणात कोंड्याची धूळ उडत होती. बाई वाळल्या होत्या. मी लॅपटॉप काढला तशा म्हणाल्या, "हात धुतले का?" मी उठून धुवून आलो.

का आलो ते सांगितलं. बाईंनी डोळे मिटले आणि जुन्या गावातल्या मारुतीच्या देवळापासून सुरुवात केली. एक नंबर, छत्री. दोन नंबर, मोट. मधे कोणाच्या दारात कडुनिंब होता, कोणाचं कुत्रं चावरं होतं, तेही सांगत गेल्या. मी टाइप करत गेलो. "बारा, सुगंधा. कंदील." मग थांबल्या. "तेरा सोडून दे. चौदा नंबर..."

"तेरा तुमचं आहे, बाई."

"माहं नको मांडू. माह्या हाताचा भरोसा नाही. मी काही दाबीन अन पुन्हा सगळ्यायचं जाईन."

मी म्हटलं, "बाई, ते तुमच्यानं नव्हतं झालं."

बाई हसल्या. माझ्या पाठीवर हात फिरवला. "माह्या मनाले बरं वाटावं म्हणून सांगून राहिला तू. लहानपनीबी तसाच होता, दुसऱ्याची पाटी फुटली का आपली म्हनायचा."

आता फक्त तीन शब्द उरले होते: 'ते मी केलं.' आत मुलगी चहा ठेवत होती, बाईंचा हात अजून माझ्या पाठीवर होता, आणि मला तो हात तिथून उठायला नको होता. मी ते तीन शब्द बोललो नाही. आज हे लिहितो आहे ते त्यांना वाचून दाखवायलाही त्या उरल्या नाहीत.

मी तेरा नंबरचं खातं उघडलं. डोंगा काढून लावला. यादी पडद्यावर आणली आणि लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी वाकून पाहिलं, कंदिलाशेजारी डोंगा.

"डोंगा चांगला काढला तू," म्हणाल्या.

"दाबा, बाई," मी म्हटलं. "काही होत नाही."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मग खुर्चीत मागे सरकल्या.

"तूच दाब," म्हणाल्या, आणि दोन्ही हात छातीशी घेऊन, बोटं काखेत दडवून, त्यांनी हाताची घडी घातली.